वाटाण्याएवढे जस्त

इंग्रजी स्वच्छंदतावादी कवितेच्या अभ्यासकाला हम्फ्री डेव्ही हे नाव बहुधा तळटिपेत भेटते. १८०० साली ‘लिरिकल बॅलड्स’ची दुसरी आवृत्ती सिद्ध होत असताना वर्ड्‌स्वर्थने आपल्या कवितांची विरामचिन्हे तपासून देण्याची विनंती ब्रिस्टलमधल्या ज्या तरुण रसायनज्ञाला पत्राने केली, तो डेव्ही. दोघांची तोवर प्रत्यक्ष भेटही झालेली नव्हती. मध्यस्थी कोलरिजची होती. पुढे डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गेला. तेथील त्याची व्याख्याने कोलरिज ऐकत असे आणि त्यामागे आपल्या रूपकांचा साठा वाढवण्याचा हेतू असल्याचे त्याने सांगितले, ही आख्यायिका तर वर्गावर्गांतून ऐकवली जाते. १८०२ च्या प्रस्तावनेत वर्ड्‌स्वर्थने कवी आणि वैज्ञानिक यांच्या नात्याविषयी जो नवा मजकूर घातला, त्यावर डेव्हीच्या त्याच वर्षीच्या व्याख्यानाची छाया आहे, असे मानणारे समीक्षक अनेक आहेत. डेव्ही स्वतःही कविता लिहीत असे आणि सदेने संपादित केलेल्या १७९९ च्या वार्षिक संग्रहात त्यांपैकी काही छापून आल्या होत्या. येथे तळटीप संपते. फार तर खाणकामगारांच्या अभयदीपाचा, १८१५ सालच्या त्या शोधाचा, एक ओझरता उल्लेख येतो.

आम्हाला मात्र ही तळटीप जेथे संपते तेथून पुढे जायचे आहे. कारण हाच मनुष्य १८२४ साली ब्रिटिश युद्धनौकांच्या पोटाखाली शिरला, तेथे त्याला सार्वजनिक आयुष्यातील सर्वांत कडवट अपयश पत्करावे लागले, आणि त्या अपयशातली कल्पना आज जवळपास प्रत्येक पोलादी जहाजावर, विशेषतः त्याच्या प्रोपेलरचा शाफ्ट जेथे तळातून बाहेर पडतो त्या जागी, अखंड काम करीत आहे. अपयश म्हणून नोंदली गेलेली गोष्ट इतकी टिकते कशी, हा प्रश्न साहित्याच्या इतिहासाला अपरिचित नाही. रसायनाच्या इतिहासात त्याचे उत्तर अधिक नेमकेपणाने देता येते, एवढाच फरक.

कथा डेव्हीच्या जन्माआधीच सुरू होते. अठराव्या शतकातील जहाजे लाकडाची, आणि उष्ण समुद्रात लाकडाचा वैरी म्हणजे टेरेडो. त्याला किडा म्हणण्याची रीत आहे, वस्तुतः तो शिंपल्यांच्या कुळातला मृदुकाय प्राणी. तो लाकडात शिरून आतल्या आत बोगदे करीत जातो आणि बाहेरून फळी धडधाकट दिसत राहते. त्याच्या जोडीला तळावर वाढणारे शेवाळ आणि बार्नेकल नावाचे कवचधारी जीव. त्यांनी तळ खरखरीत झाला की जहाजाचा वेग मंदावतो, आणि युद्धनौकेच्या बाबतीत वेग म्हणजे आयुष्य. या दोन्हींवर उतारा म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या फ्रिगेटच्या तळाला तांब्याचा पातळ पत्रा ठोकला आणि तिला वेस्ट इंडीजकडे धाडले. १७६३ साली ती परत आली तेव्हा तिची तपासणी झाली. तांब्याने किडा रोखला होता, तळही चांगला राहिला होता. परंतु पत्र्याखालचे लोखंड, म्हणजे खिळे, बोल्ट, सुकाणूच्या बिजागऱ्या, अनेक ठिकाणी झिजून गंजाचा लगदा झाले होते.

याच तपासणीत एक गोष्ट आढळली, जी आम्हाला या सगळ्या इतिहासातील सर्वांत सुंदर निरीक्षण वाटते. काही खिळे जवळजवळ जसेच्या तसे होते. नीट पाहता लक्षात आले की त्या ठिकाणी खिळा आणि तांबे यांच्यामध्ये तपकिरी कागद राहून गेला होता. तांब्याचे पत्रे कागदात गुंडाळून येत. ठोकणाऱ्याने जेथे तो कागद काढला नाही तेथे लोखंड वाचले. एखाद्याच्या हलगर्जीपणाला इतके उत्तम फळ क्वचितच आले असेल. अहवालाचा निष्कर्ष सरळ होता : समुद्राच्या पाण्यात लोखंड आणि तांबे यांचा प्रत्यक्ष स्पर्श होऊ देऊ नये. असे का, हे कोणीही सांगू शकत नव्हते. गॅल्व्हानीने बेडकाच्या तंगडीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले १७९१ साली आणि व्होल्टाने धातूंच्या चकत्यांची चवड रचून वीजप्रवाह मिळवला १८०० साली. अलार्मवरचा कागद या दोघांच्याही आधीचा आहे.

निष्कर्ष हाती असूनही त्याचे पालन झाले ते अर्धवट. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत चार्ल्स मिडलटनच्या आग्रहाने जवळपास सारे आरमार तांब्याने मढवण्यात आले. लोखंडी बोल्ट तसेच ठेवून, मध्ये जाड कागदाचे अस्तर घालून. समुद्रात कागद किती काळ टिकणार? काही वर्षांतच बोल्ट खिळखिळे झाल्याचे दिसू लागले आणि १७८० च्या दशकात तांब्याचेच, पण कठीण केलेले, बोल्ट निघाल्यावर हळूहळू लोखंड हद्दपार झाले. भरवशाच्या गोष्टीला इंग्रजीत ‘कॉपर-बॉटम्ड’ म्हणतात, तो शब्दप्रयोग या काळाचा वारसा. तांबड्या तळाच्या जहाजांत बसलेल्यांना हा भरवसा सुरुवातीची काही वर्षे फारसा लाभला नाही, हे भाषेने सोयीस्करपणे विसरून टाकले आहे.

लोखंडाचा प्रश्न मिटला, तांब्याचा उरला. तळावरचे तांबे झिजत असे आणि काही जहाजांवर इतक्या झपाट्याने की अल्पावधीत ते बदलावे लागे. सामान्य समज असा की तांबे भेसळीचे असते. १८२३ च्या अखेरीस नौदलाच्या मंडळाने रॉयल सोसायटीकडे सल्ला मागितला. डेव्ही तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष होता. पेन्झन्सच्या एका लाकूडकोरक्याचा हा मुलगा, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी इंग्लंडच्या विज्ञानाच्या शिखरावर बसलेला, आणि शिखरावर बसलेल्यांची जी एक अस्वस्थता असते तीही त्याच्या ठायी होती. त्याचाच साहाय्यक राहिलेला मायकेल फॅरडे सोसायटीचा सदस्य होऊ नये म्हणून त्याने प्रयत्न केले. तरीही ८ जानेवारी १८२४ रोजी फॅरडे निवडून आला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २२ जानेवारीस, डेव्हीने तांब्याच्या क्षरणावरचा आपला निबंध सोसायटीपुढे वाचला. त्यामागच्या प्रयोगांत फॅरडेचेच हात राबले होते.

या निबंधात डेव्हीने प्रथम भेसळीची समजूत बाजूला सारली. शुद्ध तांबेही समुद्रात विरघळते, आणि त्याला कारण पाण्यात मिसळलेला हवेतील ऑक्सिजन, असे त्याने दाखवले. मग त्याने आपला जुना सिद्धांत पुढे आणला. १८०६ पासून तो सांगत आला होता की रासायनिक आकर्षण आणि विद्युत् यांचे मूळ एकच. पदार्थाची विद्युत् अवस्था बदलली तर त्याचे रासायनिक वागणेही बदलेल. तांबे समुद्राच्या पाण्याशी संयोग पावते ते त्याच्या एका विशिष्ट विद्युत् अवस्थेत. ती अवस्था किंचित पालटून टाकली, तर संयोग थांबेल. पालटायची कशी? तांब्यापेक्षा अधिक सहजपणे विरघळणारा धातू त्याला जोडून. डेव्हीने जस्ताचा तुकडा जोडला आणि त्याला आढळले की वाटाण्याएवढे जस्त, किंवा लहानशा लोखंडी खिळ्याचे टोकसुद्धा, चाळीस-पन्नास चौरस इंच तांबे संपूर्णपणे राखण्यास पुरते. तुकडा पत्र्याच्या कुठल्याही भागाला जोडला तरी चालत असे. दूर असला तरी धातूने सांधलेला असला म्हणजे झाले.

येथे क्षणभर थांबून अलार्मकडे पुन्हा पाहिले पाहिजे. तिच्या तळाशीही तांबे होते, लोखंड होते, खारे पाणी होते आणि दोन्ही धातूंचा स्पर्श होता. म्हणजे डेव्हीची सारी मांडणी साठ वर्षांपूर्वीच, कोणाच्याही नकळत, समुद्रात तरंगत होती. अलार्मचे खिळे खाल्ले जात होते ते तांब्याला वाचवता वाचवता. तपासनीसांनी ते वाक्य खिळ्याच्या बाजूने वाचले आणि म्हणाले, यांना वेगळे करा. डेव्हीने तेच वाक्य तांब्याच्या बाजूने वाचले आणि म्हणाला, यांना जोडा. दोघेही बरोबर होते. कोणाला वाचवायचे ते आधी ठरले की तोडायचे की जोडायचे ते आपोआप ठरते. अलार्मवर लोखंड थोडे आणि तांबे अफाट; एवढ्या मोठ्या पृष्ठाचा भार त्या बिचाऱ्या खिळ्यांवर पडला, म्हणून ते इतक्या लवकर गेले.

डेव्हीने आपल्या तुकड्यांना ‘प्रोटेक्टर’ म्हणजे रक्षक असे नाव दिले. अभयदीपाप्रमाणे याही शोधाचा त्याने एकस्वाधिकार घेतला नाही. नौदलानेही विलक्षण तत्परता दाखवली. १८२४ च्या उन्हाळ्यात ‘कॉमेट’ या वाफेच्या जहाजातून डेव्ही नॉर्वेपर्यंत गेला आणि खवळलेल्या समुद्रात रक्षकांची परीक्षा करून आला. दरम्यान पूर्ण आकाराच्या जहाजांवर रक्षक बसवणे सुरू झाले होते.

त्यांपैकी ‘समरंग’ या २८ तोफांच्या जहाजाची गोष्ट आपल्या किनाऱ्याशी बांधलेली आहे. हे जहाज कोचीनला सागवानात बांधलेले होते आणि त्याला तांबेही हिंदुस्थानातच चढवलेले होते. सागाचा एक गुण जहाजबांधणीतल्या जाणत्यांना ठाऊक होता : ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडाला खाते, सागाचे तेलकट लाकूड त्याला सांभाळते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’चे, १८१७ सालच्या फ्रिगेटचे, लाकूड आज इंग्लंडात हार्टलपूलला पाहता येते, त्याच्या मुळाशी हाच साग आहे. १८२४ च्या वसंतात समरंग इंग्लंडच्या गोदीत आले तेव्हा त्याचा तळ गंजाने, शेवाळाने आणि जीवजंतूंनी भरला होता. त्याला तांब्याच्या पृष्ठाच्या सुमारे ऐंशीव्या हिश्शाएवढे लोखंड चार ठिकाणी जोडण्यात आले, दोन तुकडे नाळेकडे आणि दोन सुकाणूकडे. जहाज नोव्हा स्कोशियाला जाऊन जानेवारी १८२५ मध्ये परतले. रक्षकांच्या अवतीभवती थोडे शेवाळ, बाकी तळ स्वच्छ, असे डेव्हीने सोसायटीला सांगितले. हे ऐकताना श्रोत्यांपैकी कोणाच्या मनात नोव्हा स्कोशियाच्या समुद्राचा गारठा आला असेल का, असे आम्हाला वाटून जाते. थंड पाण्यात जीवांची वाढ मुळातच मंद. शिवाय चालते जहाज आणि बंदरात नांगरलेले जहाज यांत फार अंतर.

बंदरात नांगरलेल्या जहाजांनीच डेव्हीचा पराभव केला. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या या रक्षित जहाजांचे तळ पाहिले तेव्हा तांबे कोरे करकरीत निघाले, पण ते दिसण्यासाठी आधी त्यावरची बार्नेकल आणि शेवाळ यांची दाट गोधडी खरवडावी लागली. प्रयोग फसला नव्हता. तो अपेक्षेपेक्षा अधिक यशस्वी झाला होता, आणि तेच त्याचे अपयश होते.

कारण समजायला आपल्या घरातला एक जुना शब्द पुरेसा आहे : कळकणे. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्याची कल्हई उडाली असेल आणि त्यात ताक किंवा आंबट आमटी राहिली तर ती कळकते, हिरवट होते, आणि ती कोणी खात नाही. कळकणे म्हणजे तांबे विरघळून अन्नात उतरणे. तांब्याचे ते क्षार आपल्याला विषारी, आणि तितकेच, किंबहुना अधिक, बार्नेकलच्या पिलालाही विषारी. जहाजाचा तांबडा तळ स्वच्छ राहत होता तो तांबे सतत थोडेथोडे कळकत होते म्हणून. नौदलाचे मंडळ ज्याला नुकसान म्हणत होते तेच तांब्याचे काम होते. डेव्हीने तांब्याचे कळकणे थांबवले आणि त्याबरोबर त्याचे विषही थांबवले. शिवाय रक्षित तांब्यावर समुद्रातला चुना आणि मॅग्नेशिया यांचा पापुद्रा धरू लागला. खडबडीत, निरुपद्रवी, वस्तीला उत्तम.

डेव्हीला हे कळले नाही असे मुळीच नाही. १८२५ च्या निबंधात तो प्रमाणाच्या शोधात दिसतो. पृष्ठाच्या चाळिसाव्यापासून दीडशेव्या हिश्शापर्यंत लोखंड असले तर तांबे अबाधित राहते. दोनशेव्या ते चारशेव्या हिश्शापर्यंत खाली आले तर थोडी झीज होते. मग एवढे थोडे लोखंड ठेवावे की तांबे जगेलही आणि पुरेसे झिजेलही. कल्पना हुशारीची होती. पण समुद्र हा काही प्रयोगशाळेतला काचेचा हौद नव्हे. लोखंडावर गंजाचा थर चढतो, त्याचे बळ बदलते. जहाज चालले की एक हिशेब, थांबले की दुसरा. उष्ण समुद्र, गार समुद्र, खाडीचे मचूळ पाणी, प्रत्येकाचा हिशेब निराळा. एकदा ठोकलेला तुकडा इतके हिशेब कसे सांभाळणार? कलकत्त्याला जाऊन आलेल्या एका व्यापारी जहाजाच्या स्वच्छ तळाचा दाखला डेव्ही देत राहिला. नौदलाला आता दाखले नको होते. १८२५ च्या उन्हाळ्यात बंदरातल्या जहाजांवरचे रक्षक काढण्याचा हुकूम निघाला आणि १८२८ पर्यंत सारा प्रकार गुंडाळला गेला.

लंडनच्या वृत्तपत्रांनी खिल्ली उडवली. ज्याने या कामासाठी एक पैही मागितली नव्हती त्याला ती जिव्हारी लागली. १८२६ च्या अखेरीस डेव्हीला पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्याने अध्यक्षपद सोडले. मासेमारीवर एक संवादात्मक पुस्तक लिहिले, युरोपात भटकत तत्त्वचिंतनपर संवाद रचले आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात त्याचा देहान्त झाला. गळ टाकून शांतपणे बसण्याचे पुस्तक लिहिणारा हा मनुष्य नुकताच समुद्रातील जीवांकडून हरला होता, याकडे त्या पुस्तकाच्या वाचकांचे सहसा लक्ष जात नाही.

विज्ञानेतिहासकार फ्रँक जेम्स यांनी १९९२ साली या प्रकरणाचा सविस्तर मागोवा घेतला. प्रयोगशाळेतून थेट गोदीत उडी घेण्यातली घाई त्यातून ठळकपणे दिसते. हे मान्य करूनही आम्हाला वाटते की डेव्हीच्या बाबतीत ‘अतिआत्मविश्वास’ हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. त्याचे तत्त्व चुकले नव्हते, मापही फारसे चुकले नव्हते. त्याला प्रश्नच चुकीचा विचारण्यात आला होता. मंडळाने विचारले, तांबे कसे वाचवावे? जहाज स्वच्छ कसे ठेवावे, असे कोणी विचारलेच नाही, कारण ते तांबे करीतच होते. डेव्हीचा दोष असला तर तो हा, की मूळ प्रश्न तपासून न पाहता त्याने त्याचे अचूक उत्तर दिले. परीक्षेत अशा उत्तराला पूर्ण गुण मिळतात.

त्याचे उत्तर वाट पाहत राहिले, त्याला योग्य असा प्रश्न येईपर्यंत. तो आला लोखंडी जहाजांबरोबर. मधल्या काळात दोन लहान घटना घडल्या, त्या सांगून पुढे जाऊ. १८३२ साली बर्मिंगहॅमच्या मुंट्झने तांबे आणि जस्त यांचा साधारण ६०:४० असा मिश्रधातू तळासाठी काढला आणि तो स्वस्त व टिकाऊ ठरला. म्हणजे समोरच्या दाराने हाकललेले जस्त मागच्या दाराने जहाजाच्या तळाशी येऊन बसले. आणि १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडावर जस्त चढवण्याची कृती नोंदवली. आपल्या कोकणातल्या पडवीवरचा पत्रा आणि न्हाणीतली जस्ती बादली हे त्याचे वंशज. जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी उघडे पडलेले लोखंड लगेच गंजत नाही, कारण शेजारचे जस्त त्याच्यासाठी झिजत असते. कल्हईचे तसे नाही. कल्हई म्हणजे केवळ आडपडदा. तो फाटला की संपले.

याच सुमारास या व्यवहाराला शब्द मिळाले. १८३४ साली फॅरडेने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलच्या मदतीने ग्रीक धातूंवरून ‘अॅनोड’ आणि ‘कॅथोड’ हे शब्द रूढ केले. एकाचा अर्थ वर जाणारी वाट, दुसऱ्याचा खाली जाणारी. मराठीने त्यांना धनाग्र आणि ऋणाग्र म्हटले, आणि वाटेची प्रतिमा जाऊन तेथे देण्याघेण्याची प्रतिमा आली. डेव्हीच्या रक्षकाला पुढे इंग्रजीत ‘बळी जाणारा अॅनोड’ म्हणू लागले. रक्षकाचा बळी कधी झाला, हा शब्देतिहासाचा एक छान विषय आहे. बुरूज ढासळू नये म्हणून पायात बळी दिल्याच्या कथा आपल्याकडे किल्लोकिल्ली ऐकू येतात. त्यामुळे हे रूपक आपल्याला चटकन पटते. पण त्यात एक गफलत आहे. जस्त काही त्याग करीत नाही. ते तसेही समुद्रात विरघळतेच. तांब्याला जोडले की अधिक वेगाने विरघळते, एवढेच. त्याग दिसतो तो आपल्याला, कारण आपण जहाजाच्या बाजूने वाचत असतो.

आता प्रोपेलरकडे. १८३६ साली स्मिथ आणि एरिक्सन यांनी इंग्लंडात स्वतंत्रपणे मळसूत्री पंख्याचे एकस्वाधिकार घेतले. एप्रिल १८४५ मध्ये ‘रॅटलर’ हे मळसूत्री पंख्याचे जहाज आणि ‘अलेक्टो’ हे बाजूच्या चाकांचे जहाज पाठीला पाठ लावून एकमेकांना ओढू लागले आणि रॅटलरने अलेक्टोला सुमारे अडीच नॉटच्या वेगाने उलटे ओढत नेले. पंख्याचा विजय झाला, पण त्याबरोबर जहाजाच्या तळाला पाण्याखाली एक भोक आले, ज्यातून शाफ्ट बाहेर जातो. त्या भोकातले धातूचे बेअरिंग लवकर झिजत. १८५४ साली जॉन पेनने तेथे लिग्नम व्हायटी या अतिकठीण लाकडाच्या पट्ट्या बसवल्या, ज्यांना समुद्राचे पाणीच वंगण म्हणून पुरे. पुढे तळ लोखंडाचा झाला, मग पोलादाचा. पंखा बहुधा काशाच्या जातीचा, म्हणजे तांब्याच्या कुळातला, कारण तो समुद्रात टिकतो आणि त्याला हवा तसा आकार देता येतो. अलार्मची जोडी पुन्हा जमली : तांबे आणि लोखंड, एकाच खाऱ्या पाण्यात. फक्त आता लोखंडाला वाचवायचे होते, आणि लोखंड कळकून कोणाला विष देत नव्हते. त्याचे झिजणे केवळ नुकसानच. येथे डेव्हीचे उत्तर शब्दशः लागू पडले. सुकाणूजवळ, पंख्याच्या अवतीभवती जस्ताचे ठोकळे बसू लागले. शेवाळाचा बंदोबस्त विषारी रंगाकडे सोपवला गेला. तांबे जी दोन कामे एकट्याने करीत होते ती दोघांत वाटली गेली.

तरी एक अडचण उरली, आणि ती या साऱ्या इतिहासाची जणू पुनरावृत्ती आहे. शाफ्ट फिरतो. आधुनिक मोठ्या जहाजात तो तेलाने भरलेल्या बेअरिंगमध्ये फिरतो. थांबलेला असताना तो बेअरिंगवर टेकलेला असतो, धातूला धातू लागलेला असतो. फिरू लागला की तेलाचा पापुद्रा त्याला उचलून धरतो. हा पापुद्रा विजेला अडवतो. अलार्मवरचा तपकिरी कागदच तो, केवळ वेगळ्या रूपात. १७६३ साली तो कागद तारणहार ठरला होता. येथे तो घातक ठरतो. जस्ताकडून, किंवा आजच्या जहाजांवर बाहेरून वीज पुरवणाऱ्या यंत्रणेकडून, निघालेला रक्षक प्रवाह समुद्रातून पंख्यावर येतो आणि शाफ्टवाटे तळाकडे परत जाऊ पाहतो. वाट बंद असते. मग एक तर पंखा आणि शाफ्टचा उघडा भाग रक्षणाबाहेर पडतात, आणि काशाचा पंखा पोलादी शाफ्टलाच कुरतडू लागतो; किंवा प्रवाह तेलाच्या पापुद्र्यातून ठिणग्यांच्या रूपाने उड्या मारतो आणि बेअरिंगच्या मऊ पांढऱ्या धातूवर बारीक खड्डे पाडतो. तो खरखरीत झाला की पापुद्रा नीट धरत नाही, आणि त्यातून पुढचा बिघाड संभवतो.

उपाय अगदी साधा आहे. जहाजाच्या आत, इंजिन आणि पिछाडी यांच्या दरम्यान, शाफ्टभोवती तांब्याचे, वरून चांदीचा पट्टा असलेले एक कडे आवळतात. त्यावर चांदी आणि ग्रॅफाइट यांच्या मिश्रणाचे ब्रश स्प्रिंगने टेकवतात, आणि ब्रशापासून जाड केबल नेऊन जहाजाच्या पोलादी अंगाला जोडतात. चांदी हौसेसाठी नसते. येथे अडथळा ओहमच्या हजाराव्या भागाच्या आसपास राखावा लागतो, आणि साधा कार्बनचा ब्रश त्याला पुरा पडत नाही. दुसरा एक ब्रश केवळ मापनासाठी असतो. तो शाफ्ट आणि तळ यांच्यातले विभवांतर मिलिव्होल्टमध्ये दाखवतो. ते पन्नासच्या आत असावे असा दंडक आहे. सुकाणूचा दांडाही तसाच लवचीक केबलने जहाजाला बांधलेला असतो. या बांधण्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ बंध. तारेने जोडलेल्या दोन धातूंसाठी याहून चांगला शब्द मराठीतही शोधावा लागणार नाही.

लाकडी बोटींच्या बाबतीत मात्र हा बंध बेताने वापरावा लागतो, आणि येथे डेव्हीचे जुने दुखणे वेगळ्या रूपात डोके वर काढते. लाकडी बोटीला इंजिन असले, पंखा असला, की हौसेने भरपूर जस्त लावून सगळे धातू एकमेकांना बांधून टाकण्याचा मोह होतो. धातू तर वाचतो. पण रक्षित धातूभोवती क्षार तयार होतो आणि तो आसपासचे लाकूड मऊ, तंतुमय करून टाकतो. शाबूत राहिलेला बोल्ट कुजलेल्या भोकात खुळखुळतो. ज्याला वाचवले तो वाचला, आणि ज्यासाठी वाचवले ते गेले.

मोठ्या जहाजावर रोजचा प्रश्न यापेक्षा क्षुल्लक असतो. फिरत्या शाफ्टजवळ तेलाचे शिंतोडे उडतात, कड्यावर तेलकट थर बसतो, ब्रश झिजतो. सारी यंत्रणा जागच्या जागी दिसत असते, केबल पक्की असते, पण बंध तुटलेला असतो, आणि ते केवळ मिलिव्होल्टच्या आकड्यावरून कळते. आकडा पन्नासच्या वर चढू लागला की इंजिनविभागातील कोणीतरी योग्य संधी साधून कडे स्वच्छ पुसतो, ब्रश तपासतो आणि नवे माप वहीत लिहितो.